दाखवायचे कुठे आणि जपायचे कुठे

कुटुंबातल्या फोटोंची जबाबदारी बहुतेक घरांत कोणी कोणावर सोपवत नाही. ती हळूहळू एका माणसाकडे येऊन थांबते. ज्याला संगणकातले इतरांपेक्षा थोडे अधिक कळते, किंवा ज्याला एखादा अंधुक झालेला फोटोसुद्धा पुसून टाकवत नाही, तो ते काम करू लागतो, आणि मग सगळे नातेवाईक त्यालाच विचारतात की फोटो सगळ्यांना पाहता यावेत यासाठी फुकट आणि चांगली अशी कोणती सेवा घ्यावी. आमच्या घरात हा प्रश्न माझ्याकडे येतो. विचारणाऱ्याला उत्तरादाखल एक नाव हवे असते आणि ते सांगून मोकळे होणे सोपेही आहे. परंतु या एका प्रश्नात दोन निराळी कामे एकत्र बांधली गेली आहेत, असे मला दिवसेंदिवस अधिक जाणवते. आपल्या माणसांना फोटो दाखवणे हे एक काम, आणि ते फोटो वर्षानुवर्षे जपणे हे दुसरे. पहिले काम फुकटच्या सेवा उत्तम करतात. दुसरे त्यांच्यावर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि हा फरक एकदा मनाशी स्पष्ट झाला की सेवा कोणती घ्यावी हे ठरवणे पुष्कळ सुकर होते.

बहुतेक जण सर्वांत आधी जागा किती मिळते ते पाहतात. गूगल १५ जीबी देते, आयक्लाउड आणि वनड्राइव्ह प्रत्येकी ५ जीबी, ड्रॉपबॉक्स २ जीबी. हे आकडे एकाखाली एक मांडले की निवड झालीच असे वाटते. प्रत्यक्षात गूगलच्या १५ जीबींत जीमेल आणि ड्राइव्ह यांचाही वाटा असतो, त्यामुळे ज्याच्या ईमेलमध्ये अनेक वर्षांच्या मोठमोठ्या फाइली साठल्या आहेत त्याला फोटोंसाठी त्यातला लहानसा भाग उरतो, आणि सगळी जागा भरली तर नवीन ईमेल येणेही बंद होऊ शकते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात असते. फोनवर काढलेला एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर १५ जीबीत साडेतीन हजारांहून अधिक फोटो मावतात. व्हिडिओ साठवू लागलो तर मात्र तीच जागा बघता बघता संपते. जपण्याच्या दृष्टीने ही जागा अपुरी आहे. दाखवण्याच्या दृष्टीने ती भरपूर आहे, कारण एका सहलीतले सातआठशे फोटो कोणत्याही मावशीला पाहायचे नसतात. तिला तीसचाळीस पाहायचे असतात, आणि त्यांतल्या दोनचारांकडे ती पुन्हा पुन्हा वळते.

म्हणून मी जागेचा प्रश्न मागे ठेवतो आणि आधी विचारतो की फोटो कोण पाहणार आहे. हा प्रश्न साधा वाटतो, पण सगळी निवड त्यावरच ठरते. एका कुटुंबात नव्या फोनवर सतत वावरणारी भाची असते, ज्यांचा फोन दोनतीन पिढ्या मागचा आहे असे काका असतात, आणि ज्यांना पासवर्ड हा शब्द ऐकताच हातातला फोन दुसऱ्याकडे द्यावासा वाटतो अशा आत्याही असतात. सेवा यांच्यातल्या सर्वांत अडखळणाऱ्या माणसाला धरून निवडावी, असे मला वाटते. ज्या सेवेत फोटो पाहण्यापूर्वी खाते उघडावे लागते, मग ईमेलवर आलेला क्रमांक टाकावा लागतो, मग अॅप उतरवून घ्यावे लागते, त्या सेवेच्या दारातूनच आत्या परत जातात. त्या तक्रार करत नाहीत. नंतर फोनवर बोलताना ‘पाहते रे सावकाश’ एवढेच म्हणतात, आणि आपण समजून जायचे असते की त्यांना ते उघडलेच नाही. ज्यांच्यासाठी फोटो सर्वांत मोलाचे असतात, त्यांच्याच वाट्याला अशी अडचण सर्वांत जास्त येते.

गूगल फोटोजचा मला आवडणारा गुण त्याच्या जागेत नसून या एका सोयीत आहे की अल्बमची लिंक पाठवली तर समोरच्याला कोणत्याही फोनवर, खाते नसतानाही, ब्राउझरमध्ये फोटो पाहता येतात. त्याला स्वतःचे फोटो अल्बममध्ये घालायचे असतील किंवा अभिप्राय लिहायचा असेल तरच खाते लागते. अॅपलच्या आयक्लाउडमध्ये सामायिक अल्बम अतिशय सुबक आहेत. एका अल्बममध्ये ५,००० पर्यंत फोटो आणि व्हिडिओ ठेवता येतात, १०० माणसांना बोलावता येते, आणि हे सगळे तुमच्या ५ जीबींत मोजलेही जात नाही. ज्या घरात सगळ्यांकडे आयफोन आहेत तिथे दुसरे काही शोधण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्याकडे दुसरा फोन आहे त्याला वेबपानाची लिंक द्यावी लागते आणि त्याला तिथे फक्त पाहता येते, म्हणजे बाकीच्यांचे बोलणे चालू असताना तो एकटा बाहेर राहतो. शिवाय या अल्बममध्ये फोटो टाकताना त्याची लांब बाजू २,०४८ पिक्सेलपर्यंत लहान केली जाते. फोनच्या पडद्यावर हे जाणवतही नाही, पण पुढे कोणी त्यातला एखादा फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचे ठरवले तर मूळ फोटो कुठे आहे हे विचारण्याची वेळ येते. दाखवणे आणि जपणे यांतला फरक इथे खुद्द सेवेनेच मान्य केलेला आहे.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण बहुतेक कुटुंबांनी प्रत्यक्षात तीच सेवा निवडली आहे, तीही निवड केली आहे असे न समजता. तिचे गुण नाकारण्यासारखे नाहीत. ती सगळ्यांकडे आधीपासून असते, २०१६ पासून तिच्यातले संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणाला वाचता येणार नाहीत अशा रीतीने सांकेतिक रूपात जातात, आणि आत्यांना तिथे काहीच नवे शिकावे लागत नाही. परंतु तिथे फोटो नेहमीच्या रीतीने पाठवला की तो आकाराने आणि दर्जाने बराच उतरतो. २०२३ मध्ये अधिक स्पष्ट फोटो पाठवण्याची सोय आली, तीही मूळ फोटो जसाच्या तसा पोहोचवत नाही. त्यासाठी तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा लागतो. मला मात्र दर्जापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकते. ग्रुपमध्ये आलेला फोटो शुभेच्छांच्या, बातम्यांच्या आणि पुढे ढकललेल्या संदेशांच्या ओघात काही तासांत वर निघून जातो, आणि ज्या बाळाचे पहिले पाऊल त्यात टिपलेले असते ते पाऊल पुढच्या महिन्यात कोणाला शोधूनही सापडत नाही. फोटो पोहोचतो, पण त्याला राहायला ठिकाण मिळत नाही. अल्बमला नाव असते, क्रम असतो, त्याच्याकडे परत जाता येते. म्हणून मी फोटो अल्बममध्ये ठेवतो आणि ग्रुपवर त्याची लिंक पाठवतो. दोन्हीकडचा फायदा मिळण्याचा याहून सोपा मार्ग मला आढळलेला नाही.

आता फुकट या गोष्टीकडे वळतो. ऑनलाइन फोटोसेवांचा पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला तर फुकटपणा हा त्या कंपनीच्या आयुष्यातला एक टप्पा असतो, हे पुन्हा पुन्हा दिसते. ओफोटो ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली, २००१ मध्ये कोडॅकने ती विकत घेतली आणि नंतर ती कोडॅक गॅलरी या नावाने ओळखली गेली. शंभर वर्षांहून अधिक काळ घराघरांतल्या आठवणींशी ज्या कंपनीचे नाव जोडलेले होते तिच्यापेक्षा भरवशाचा रखवालदार कोण असणार, असे तेव्हा कोणालाही वाटले असते. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये गॅलरी बंद झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या ग्राहकांचे फोटो शटरफ्लाय या दुसऱ्या कंपनीकडे वर्ग झाले. याहू फोटोज त्याआधीच, २००७ मध्ये, बंद झाली होती. गूगलचे पिकासा, ज्याच्यावर माझ्या पिढीतल्या अनेकांनी फोटो लावायला आणि नीटनेटके करायला शिकून घेतले, २०१६ मध्ये निवृत्त करण्यात आले. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले तेव्हा त्यावरच्या मैत्रीचे फोटोही लोकांना वेळेत उतरवून घ्यावे लागले.

सगळ्यांत बोलके उदाहरण फ्लिकरचे आहे. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा छायाचित्रणावर मनापासून प्रेम करणाऱ्या लोकांचे घर होती. २००५ मध्ये ती याहूकडे गेली, २०१३ मध्ये याहूने प्रत्येक सदस्याला एक टेराबाइट, म्हणजे सुमारे १,००० जीबी, जागा फुकट देऊ केली, आणि लोकांनी आयुष्यभराचे फोटो तिथे ओतले. २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीने फ्लिकर विकत घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस जाहीर केले की फुकटच्या खात्यात १,००० च फोटो ठेवता येतील. २०१९ मध्ये त्या मर्यादेपलीकडचे फोटो काढून टाकायला सुरुवात झाली. नव्या मालकांनी मोकळेपणाने सांगितले की पैसे भरणाऱ्या सदस्यांच्या आधारानेच ही सेवा चालू शकते, आणि ते मला प्रामाणिक वाटले. २०२२ पासून फुकटच्या खात्यात सर्वांसाठी खुले नसलेले फोटो ५० पर्यंतच ठेवता येतात, म्हणजे आपल्याच माणसांपुरते फोटो दाखवू पाहणाऱ्यासाठी ती जागा आता जवळजवळ उरलेलीच नाही. ज्यांना आपली छायाचित्रे जगाला दाखवायची आहेत त्यांच्यासाठी ती अजूनही उत्तम आहे.

गूगल फोटोजचेही तेच झाले, फक्त अधिक सौम्यपणे. मे २०१५ मध्ये ही सेवा आली तेव्हा १६ मेगापिक्सेलपर्यंतचे फोटो अमर्याद आणि फुकट ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली, आणि नवे फोटो १५ जीबींत मोजले जाऊ लागले. आधी त्या दर्जात ठेवलेले फोटो मोजणीतून वगळले, ही त्यांची सभ्यता. हा निर्णय जाहीर करताना कंपनीने सांगितले होते की सेवेत ४ लाख कोटींहून अधिक फोटो जमा आहेत आणि दर आठवड्याला २८ अब्ज नवे फोटो आणि व्हिडिओ येतात. हा आकडा वाचल्यावर मला राग आला नाही. प्रत्येक फोटोच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवाव्या लागतात, डिस्क बिघडतात आणि बदलाव्या लागतात, वीज आणि थंडावा चोवीस तास लागतो. हा खर्च कोणीतरी करतच असते. कधी तो नव्या ग्राहकांना ओढून घेण्यासाठी गुंतवणूकदारांच्या पैशातून होतो, कधी जाहिरातींतून, कधी आज ना उद्या जागा विकत घेतील या आशेवर, आणि कधी फोटोंच्याच उपयोगातून. यातला कोणता मार्ग आपल्या सेवेचा आहे, हे निवड करतानाच शोधावे. २०१७ च्या उन्हाळ्यात फोटोबकेट या सेवेने इतर संकेतस्थळांवर फोटो दाखवण्यासाठी अचानक वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि असंख्य पानांवरचे फोटो एका रात्रीत नाहीसे होऊन त्यांच्या जागी कंपनीचीच पाटी दिसू लागली. ज्यांनी उत्पन्नाचा मार्ग आधी ठरवलेला नसतो, ते तो नंतर असा अवचित ठरवतात.

फोटोंच्याच उपयोगाचे जे उदाहरण मला विसरता येत नाही ते एव्हर नावाच्या अॅपचे आहे. लोकांनी कुटुंबाचे फोटो ठेवण्यासाठी ते घेतले होते. २०१९ मध्ये उघडकीस आले की त्या फोटोंवर चेहरे ओळखणारे तंत्रज्ञान घडवले जात होते आणि ते दुसऱ्यांना विकण्यासाठी पुढे केले जात होते. २०२१ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांचे हित पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने कंपनीला ते फोटो वापरून तयार केलेल्या प्रणालीसुद्धा नष्ट करायला लावल्या. खाते बंद करणाऱ्यांचे फोटोही कंपनीने काढून टाकले नव्हते, हेही त्या प्रकरणात पुढे आले. मला इथे सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की फोटोतल्या माणसांपैकी फार थोड्यांनी ते अॅप निवडलेले असते. निवड फोटो काढणारा करतो, आणि चेहरा मात्र झोपलेल्या बाळाचा असतो, शेजारच्या मुलीचा असतो, आजारपणातून उठून प्रथमच अंगणात बसलेल्या आजींचा असतो. आपण सेवेच्या अटींखाली होकार देतो तेव्हा तो त्या सगळ्यांच्या वतीने देत असतो, आणि त्यांतल्या एकालाही आपण विचारलेले नसते. म्हणून सेवेच्या अटींमधल्या दोन गोष्टी मी वाचल्याखेरीज पुढे जात नाही: माझे फोटो कंपनी स्वतःच्या यंत्रांना शिकवण्यासाठी वापरू शकते का, आणि खाते बंद केल्यावर ते खरोखर पुसले जातात का. बाकीच्या अटी लांबलचक असतात आणि त्या प्रत्येकाने वाचाव्यात असा आग्रह मी धरणार नाही, पण या दोन मुद्द्यांची उत्तरे सरळ शब्दांत मिळत नसतील तर ती सेवा लहान मुलांच्या फोटोंसाठी वापरू नये, असेच मी सांगतो.

लिंकविषयीही सावध असावे. जी लिंक आत्यांना विनासायास उघडते ती ज्याच्या हातात पडेल त्या प्रत्येकाला तितक्याच सहज उघडते. शेजाऱ्याकडे ठेवलेल्या घराच्या किल्लीसारखीच तिची गत असते. दिली तेव्हा एकाला दिली, पुढे तिच्या किती प्रती झाल्या हे कळायला मार्ग नाही. म्हणून अल्बम सगळ्यांनी पाहून झाला की मी लिंक बंद करतो, आणि कोणाला पुन्हा पाहायचा असेल तर नवी पाठवतो. फोटोच्या फाइलमध्ये तो केव्हा आणि अनेकदा नेमका कुठे काढला याची नोंद दडलेली असते. घरात काढलेल्या फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा परक्या हातांत जाऊ शकतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ही नोंद निघून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच राहते, आणि गूगल फोटोजमध्ये अल्बम दाखवताना ठिकाण झाकण्याची वेगळी सोय आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचा विचार मी या कामासाठी करत नाही. तिथे फोटो टाकताना आपण नकळत ओळखीपाळखीच्या मोठ्या जमावासमोर उभे असतो, आणि आत्यांना दाखवायचा फोटो त्या जमावाला साजेसा निवडला जातो.

आमच्या एका काकांचे निधन झाले तेव्हा फुकटच्या सेवेचा आणखी एक पैलू घरातल्या सगळ्यांसमोर आला. कुटुंबाच्या जुन्या भेटीगाठींचे फोटो त्यांनी मोठ्या हौसेने एका सेवेवर लावून ठेवले होते, आणि त्यांच्या आठवणीत ते पुन्हा पाहावेत असे सर्वांनाच वाटत होते. खाते त्यांच्या नावावर होते, पासवर्ड त्यांच्या मनात होता, आणि कंपनीकडे पत्रव्यवहार करून जे मिळाले ते म्हणजे अतिशय सौजन्याने लिहिलेले नकार होते. सामायिक अल्बम सगळ्यांचा वाटतो, पण तो ज्याने उघडला त्याच्या खात्याशी बांधलेला असतो. खाते गेले की अल्बम जातो, आणि ज्यांनी त्यातले फोटो स्वतःकडे उतरवून घेतले असतील तेवढेच उरतात. गूगल आता दोन वर्षे वापर न झालेली खाती पुसू शकते, आणि माणूस गेल्यावर त्याचे खाते बहुधा वापराविना पडून राहते. यावर उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. गूगलमध्ये २०१३ पासून अशी व्यवस्था आहे की ठरावीक काळ खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातला मजकूर मिळावा. अॅपलने २०२१ मध्ये वारसदार संपर्क नेमण्याची सोय केली. ही दहा मिनिटांची कामे आहेत आणि प्रत्येक घरात ती बसून करावीत, असे मी ज्याला त्याला सांगत असतो, कारण काकांसारखा हौशी माणूस प्रत्येक घरात असतो.

खाते जिवंत माणसाचेही बंद होऊ शकते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांची हकीकत प्रसिद्ध झाली. आजारी मुलाचे फोटो त्यांनी डॉक्टरांना दाखवण्यासाठी काढले होते, ते आपोआप गूगलच्या खात्यात चढले, यंत्राने त्यांचा भलताच अर्थ लावला आणि खाते बंद झाले. पोलिसांनी चौकशी करून त्यांना निर्दोष ठरवले, तरी खाते परत मिळाले नाही. मुलांच्या शोषणाविरुद्ध अशी तपासणी व्हायलाच हवी, याबद्दल मला शंका नाही. परंतु एका चुकीच्या निष्कर्षाने अनेक वर्षांचे फोटो, ईमेल आणि फोन नंबरसुद्धा एकदम हातातून जातात, कारण ते सगळे एकाच खात्यात गुंफलेले असतात, हे जपण्याचे काम कुठे करायचे ते ठरवताना डोळ्यांसमोर असावे.

या सगळ्यामुळे मी कोणत्याही सेवेत आत जाण्यापूर्वी बाहेर पडण्याची वाट पाहून घेतो. दहावीस फोटो टाकतो आणि लगेच ते सगळे एकत्र परत उतरवून पाहतो. मूळ आकार मिळतो का, तारखा शाबूत राहतात का, अल्बमची रचना टिकते का, हे तेव्हाच कळते. गूगलने २०११ मध्ये आपला सगळा मजकूर एकत्र उतरवून घेण्याची टेकआउट ही सोय सुरू केली आणि ती चांगली आहे, मात्र तिच्यातून फोटोंबरोबर नोंदींच्या वेगळ्या फाइली येतात आणि सेवेत जाऊन दुरुस्त केलेली तारीख किंवा लिहिलेले वर्णन फोटोत न राहता त्या फाइलींत राहते. थोड्या फोटोंवर हे समजून घेतले तर हजारोंच्या वेळी गोंधळ होत नाही. २०२१ पासून अॅपलकडून गूगलकडे फोटो थेट नेण्याचीही सोय आहे. ज्या सेवेत एकेक फोटो उघडून उतरवावा लागतो, ती सेवा कितीही देखणी असली तरी मी घेत नाही.

ज्यांना परक्या डोळ्यांची धास्ती अधिक आहे त्यांच्यासाठी आता एन्टेसारख्या सेवा आहेत, ज्यांत फोटो आपल्याच फोनवर सांकेतिक रूपात बदलून मग वर जातात आणि चालवणाऱ्या कंपनीलाही ते पाहता येत नाहीत. एन्टेच्या सॉफ्टवेअरचा स्रोत खुला आहे, म्हणजे जाणकाराला तो तपासता येतो, आणि मर्यादित जागा फुकटही मिळते. अशा सेवेत पासवर्ड आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेली शब्दमाला दोन्ही हरवली तर कंपनीही मदत करू शकत नाही. त्यामुळे ती शब्दमाला कागदावर लिहून घरात जपावी लागते. इमिच हे खुले सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालवून आपलीच फोटोसेवा उभारता येते. ते मला मनापासून आवडते, पण ज्या घरात ते सांभाळणारा एकच माणूस आहे तिथे तो आजारी पडला किंवा कंटाळला तर बाकीच्यांचे काय, या विचाराने मी ते कोणाला सरसकट सुचवत नाही.

तेव्हा मला विचारणाऱ्याला मी जे सांगतो ते साधारण असे असते. मूळ फोटो, पूर्ण आकारात, आपल्या मालकीच्या दोन हार्ड डिस्कवर ठेवावेत आणि त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरात असावी, म्हणजे आग, चोरी किंवा पाणी यांनी दोन्ही एकदम जाणार नाहीत. एवढे झाले की दाखवण्यासाठी कोणतीही फुकट सेवा निर्धास्तपणे घ्यावी. सगळ्यांकडे आयफोन असतील तर आयक्लाउडचे सामायिक अल्बम, फोन वेगवेगळे असतील तर गूगल फोटोज, आणि मुलांचे फोटो अधिक असतील व घरातली माणसे एक नवे अॅप शिकायला तयार असतील तर एन्टे. ती उद्या बंद पडली, तिचे नियम बदलले किंवा ती पैसे मागू लागली तरी आपण काही गमावत नाही. दुसऱ्या सेवेवर अल्बम लावतो आणि नवी लिंक पाठवतो. आणि एखादी सेवा मनाजोगी असेल, घरातल्या सगळ्यांना तिची सवय झाली असेल, तर तिला थोडे पैसे देण्यातही मला काही गैर वाटत नाही, कारण पैसे घेणारी सेवा टिकण्याची शक्यता अधिक असते.

निवड करण्याचे जे काम उरते ते मला सेवेच्या निवडीइतकेच महत्त्वाचे वाटते. फोन आपोआप सगळे वर चढवतो आणि त्यामुळे आपण काही पाठवले आहे असा भास होतो. परंतु अल्बम उघडून बसावे, एकाच क्षणाच्या नऊ फोटोंतला एक ठेवावा, ज्यात कोणी अवघडलेले दिसते तो काढावा, ज्या भाचीला आपले फोटो इतरांनी पाहिलेले आवडत नाहीत तिला आधी विचारावे, आणि मग प्रत्येक फोटोखाली एक ओळ लिहावी, तेव्हा पाहणाऱ्याला कळते की हे आपल्यासाठी केलेले आहे. ओळ लिहिणे अल्बमच्या नावापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण पाहणारी माणसे तिला उत्तर देतात. आत्यांनी एकदा खाते उघडायची तयारी दाखवली ती याच ओढीने; एका जुन्या, पुन्हा टिपून घेतलेल्या फोटोखाली मी चुकीचे नाव लिहिले आहे, असे त्यांना सांगायचे होते. मग त्यांनी त्या फोटोतल्या मागच्या रांगेतल्या प्रत्येकाचे नाव लिहिले, कोण कोणाची थोरली आणि कोण फोटो काढताना रुसली होती तेही लिहिले, आणि आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी त्या अल्बममध्ये जमा होऊ लागल्या.

हा मजकूर अर्थातच सेवेच्या सर्व्हरवर असतो, आणि सगळे एकत्र उतरवून घेतले तरी तो यंत्राला वाचता येईल अशा फाइलीत अडकून येतो. घरातल्या दुसऱ्या कोणाला ती उघडून काही बोध होणार नाही. म्हणून दर महिन्याला मी अल्बममधले अभिप्राय एका साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवतो, फोटोचे नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव पुढे घालतो, आणि ती फाइल त्याच फोटोंच्या फोल्डरमध्ये दोन्ही डिस्कवर ठेवतो. आत्यांचे लिहिणे अजून चालू आहे. मागच्या रांगेतल्या दोघांची नावे त्यांना अद्याप आठवलेली नाहीत आणि त्यासाठी त्यांनी तो फोटो आपल्या मोठ्या बहिणीला दाखवायला मागितला आहे.